दोन नावांची धून

युसूफ गेल्याचं कळलं तेव्हाच ठरवलं, हट्ट्याला, त्याच्या गावी जायचं. युसूफ म्हणजे आमच्या हैदराबादच्या लहानशा वाद्यवृंदातला व्हायोलिनवाला. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत आईला आणायला गावी गेला आणि मारला गेला. त्याच्या आठवणीसाठी मी एक रचना बांधली होती, एक व्हायोलिन आणि साथीला तीन तंतुवाद्यं. ती त्याच्या आईला ऐकवायची, एवढंच मनात होतं.

कुणाला जायचं असेल तर पूर्णेला हिंगोलीची गाडी धरा, वसमतला उतरा. पुढे बैलगाडी. खिशात निजामाचे हाली रुपये ठेवा. सोबत चेलोसारखं माणसाएवढं वाद्य असेल तर गाडीत कडबा भरपूर घाला. आमचा चेलो सुखात गेला, हाडं आमची खिळखिळी झाली. दुतर्फा ज्वारी उभी होती. गाडीवानानं वाटेत हुरडा भाजून दिला.

युसूफच्या अंगणात आम्ही वाद्यांच्या पेट्या उघडायला लागलो, तशी त्याची अम्मी म्हणाली, "न्हाई बेटा. मयतीच्या घरी बाजा वाजवत न्हाईत."

मी खट्टू झालो. एवढ्या लांबून आलो होतो.

तेवढ्यात गावाबाहेरच्या बंजारा तांड्यावरची सोमलीबाई आली. तिचा रामजी युसूफचा लहानपणापासूनचा दोस्त. आधी तो रझाकारांकडून मारला गेला. पुढे भारताचं लष्कर आल्यावर सुडापायी ज्या मुसलमानांना मारलं, त्यांत युसूफ होता. तांड्याची रीत अशी की दुःखाच्या घरी पाहुणा आला की बाया त्याच्या गळ्यात पडून सुरात रडतात. सोमलीबाई आमच्या एकेकाच्या गळ्यात पडली. तिची बोली मला कळत नव्हती, नावं तेवढी कळली. रामजी. युसूफ. पुन्हा रामजी, पुन्हा युसूफ. ऐकता ऐकता अम्मीनं हंबरडा फोडला.

"इतके दिस रडलीच न्हवती," सोमलीबाई डोळे पुसत मराठीत म्हणाली. "गावात कोणी पोराचं नावच घेत न्हाई. भेतेत समदे."

निघताना अम्मीनं माझा हात धरला. "तुमच्या शहरात वाजवा बेटा. पण नाव घ्या त्याचं. दोघांचं बी घ्या."

परत आल्यावर रचना पुन्हा चाळली. सूर गोड होते, पण त्यांत कुणीच मेलेलं नव्हतं. मला माझीच चीड आली. बरंचसं खोडून टाकलं.

कार्यक्रमाला सभागृह भरलं होतं. व्हायोलिन उचलण्याआधी मी मोठ्यानं म्हणालो, "युसूफ." ज्यांना त्या सुडाची आठवण नको होती, ते उठून गेले. मग म्हणालो, "रामजी." रझाकारांची आठवण नको असलेलेही गेले.

उरलेल्यांसमोर आम्ही वाजवलं.