पेटीचं उत्तर आलं नाही

माझं माहेर राहूचं, दौंड तालुक्यातलं. सासर तळेगाव ढमढेऱ्याचं, शिरूर तालुक्यातलं. मध्ये नदी. ऑफिस मात्र पुण्यात, आणि तिथं मी कधीमधी तोंड दाखवण्यापुरती जाते. बाकी सगळे दिवस सासरच्या माडीवरची पत्र्याची खोली, एक खुर्ची, एक लॅपटॉप आणि खालून येणारा सासूबाईंचा आवाज. नवरा रांजणगावच्या कारखान्यात. सकाळी गाडी घेऊन जातो तो अंधारलं की येतो. लोक म्हणतात, घरबसल्या नोकरी, काय सुख आहे! सुख कसलं डोंबलाचं. जिना चढले की मी त्या खोलीत कोंडलेली असते. बाहेरून कुणी कडी घालत नाही, एवढंच.

आमची कंपनी शेतकऱ्यांसाठी ॲप करते. विहिरीवरच्या स्टार्टरला सिमकार्डवाली पेटी जोडायची आणि मोबाइलवरून मोटर चालू-बंद करायची. मोबाइल आमच्या सर्व्हरला सांगतो, सर्व्हर पेटीला सांगतो, पेटी काम करून उलट निरोप धाडते. या वाटेत कुठंही बिनसू शकतं. बिनसलं की प्रोग्रॅम हाक मारतो, ‘इथं अडलंय, कुणीतरी बघा.’ त्या हाकेला एक्सेप्शन म्हणतात. कुठली हाक कशासाठी आहे हे कळावं म्हणून त्यांचे वेगवेगळे वर्ग करायचे, प्रत्येकाला नाव द्यायचं आणि शेतकऱ्याला काय दिसेल ते ठरवायचं, हे माझं काम.

मी तीन वर्ग केले. वीज नाही, हा पहिला. पेटीनं नकार दिला, हा दुसरा. आणि तिसरा, ज्यावर माझा जीव होता: पेटीचं उत्तरच आलं नाही. नकार आला तर निदान काय झालं ते कळतं. उत्तरच आलं नाही तर हुकूम पोचला की वाटेत मेला, मोटर चालू आहे की बंद, काहीच कळत नाही. तिथं ॲपनं सरळ सांगावं, माहीत नाही. माझं म्हणणं एवढंच होतं.

या वर्गांची चाचणी करायची म्हणजे मुद्दाम बिघाड करायचा. बिघाड झाल्यावर बरोबर हाक आली, की चाचणी पास. सासूबाई एकदा चहा घेऊन वर आल्या आणि मी आनंदानं ओरडले, “पडलं! बरोबर पडलं!” काय पडलं ते त्यांनी विचारून घेतलं, चहा ठेवला नि म्हणाल्या, “दिवसभर चुका करतीस, आन् पगार पन त्याचाच देत्यात व्हय तुला? आमी उगाच सरळ वागलो गं बाई.” मी पोट धरून हसले.

खरी चाचणी मी राहूला केली, आप्पांच्या विहिरीवर. आप्पा म्हणजे माझे वडील. आमच्या विहिरीत खाली कट्ट्यावर पंप आहे आणि स्टार्टर वर पत्र्याच्या पेटाऱ्यात. पंपाच्या ग्लँडमधून, म्हणजे फिरता दांडा बाहेर येतो तिथल्या आवळायच्या बुचातून, पाणी गळायला लागलं की आप्पा पान्हा घेऊन पायऱ्या उतरतात आणि ती आवळतात. आवळताना हात फिरत्या दांड्याच्या अगदी लगत असतो. तेव्हा मोटर बंदच पाहिजे. त्यात आमच्याकडं शेतीची वीज पाळीनं येते, म्हणून सगळ्यांचे स्टार्टर ऑटोवर असतात. वीज आली की मोटर आपली आपण सुरू. ॲपमधून ‘बंद’ केलं की ऑटोही सुटतं. हे आप्पांना फार आवडलं होतं. मी पेटीतलं सिम काढून बिघाड करत होते आणि आप्पा बांधावरनं जाणाऱ्या-येणाऱ्याला हाका मारून सांगत होते, “आमच्या पोरीनं केलंय! हिकडं या, बघा तरी!” मला लाजही वाटत होती आणि छातीही फुगली होती, खोटं कशाला बोलू.

त्या विहिरीपाशी रेंजची बोंब. फक्त बाभळीखाली मिळते. म्हणून आप्पा उतरताना फोन पिशवीत घालून बाभळीच्या फांदीला अडकवतात. फोन पाण्यातही पडत नाही आणि रेंजही राहते.

आमच्या टीम लीडला माझा तिसरा वर्ग पटेना. पुण्याहून व्हिडिओवर तो मला समजावत होता. “अगं, आपलं ॲप ‘माहीत नाही’ म्हणणार? शेतकरी म्हणेल, मग मी हे घेतलं कशाला?”

मी म्हणाले, “अहो, माहीत नसलं तर दुसरं काय म्हणायचं?”

“काही म्हणायचं नाही. त्यानं ‘बंद’ दाबलं ना? मग बंद दाखव. उत्तर आलं की दुरुस्त होईल. ॲपमध्ये ते एक्सेप्शन गिळून टाक.”

गिळून टाक! हा आमच्या धंद्यातला नेहमीचा शब्द आहे. हाक पकडायची आणि काहीच करायचं नाही. मी भांडले, मेल लिहिल्या, पुन्हा भांडले. मी नाही बदललं, तर त्यानं स्वतःच बदललं. सर्व्हरवर माझा वर्ग शाबूत राहिला. शेतकऱ्याच्या हातातल्या ॲपला मात्र त्याचा पत्ताच उरला नाही.

नवं ॲप सगळ्यांच्या मोबाइलवर गेलं त्याच आठवड्यात मोठ्या ग्राहकापुढं डेमो होता. मला कॅमेरा चालू ठेवून बसायचं होतं, काही अडलं तर उत्तर द्यायला. लीड गोड आवाजात बोलत होता. मी दुसऱ्या खिडकीत सर्व्हरवरच्या नोंदी सरकताना बघत होते, सवयीनं. आणि त्यात माझा तिसरा वर्ग आला. पेटीचं उत्तर आलं नाही. हुकूम: बंद. पेटीचा नंबर आप्पांचा.

आदल्या दिवशीच आप्पा फोनवर म्हणाले होते, “ग्लँड गळतीया लई. उद्या उतरून आवळतो.”

त्यांनी बंद दाबलं असणार, ॲपनं ‘मोटर बंद आहे’ दाखवलं असणार, फोन बाभळीला अडकवून ते उतरले असणार. वर स्टार्टर ऑटोवर तसाच. आणि राहूकडं दिवसाची वीज यायची वेळ होत आलेली.

मी आप्पांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तो बाभळीवर वाजतोय हे मला माहीत होतं, तरी लावत राहिले, काय करणार? सर्व्हरवरून मी स्वतः ‘बंद’ सोडलं. उत्तर आलं नाही. गाडी नाही, एसटी कधी येईल ठाऊक नाही, आणि आली तरी मध्ये नदीवरचा पूल नि सगळा रस्ता. मी त्या खोलीत खुर्चीवरून उठले आणि कुठं जावं हेच कळेना. दोन पावलं दाराकडं, दोन लॅपटॉपकडं. लीड म्हणत होता, “आमची टीमही इथं हजर आहे.”

मग आईला लावला. आई घरी होती, विहिरीपासून शेत-दीड शेत लांब.

“काय गं, जेवलीस का?”

“आई, आप्पा कुठंयत?”

“हिरीवर. का गं? आवाज असा का—”

“पळ! आधी पळ! त्यांना वर बोलव, मोटर चालू होईल! आई, पळ ना गं!”

आईनं फोन बंद केला नाही. मुठीत धरूनच पळाली. मला तिचा श्वास ऐकू येत होता, बांगड्या, वाळकी पानं, मध्येच तिचं ठेचकाळणं. “अवो! वर या! अवो, ऐकलं का!” लॅपटॉपमधून लीड विचारत होता, “ऐकू येतंय का? तू म्यूटवर नाहीयेस, अगं.” मी लॅपटॉप धाडकन मिटला.

ती बाभळीखाली पोचली असावी, कारण आवाज तुटला नाही. आणि मग फोनमधून मोटर ऐकू आली. आधी घरघर, मग तो सलग आवाज, लहानपणापासून ऐकलेला. पाणी पाटात पडलं. आईचा आवाज थांबला. मी ‘आई, आई’ करत होते. पलीकडून काही नाही. फक्त मोटर चालत होती. किती वेळ, मला सांगता येणार नाही. सासूबाई माझं ओरडणं ऐकून वर आल्या होत्या आणि त्यांनी माझा दंड घट्ट धरला होता, एवढंच आठवतं.

“कशाला बोंबलताय मायलेकी?” आप्पांचा आवाज. “हिची हाक ऐकून वर आलो, वरच्या पायरीवर व्हतो मी. हिनं गाव गोळा केलं.”

मी तिथंच फरशीवर बसले आणि हमसून हमसून रडले. आप्पांना काय झालंय तेच कळेना. ते म्हणाले, “आगं, ॲपमधी बंद म्हनत व्हतं की.”

“आप्पा, तुम्ही स्टार्टर बघायचा ना वरचा!”

“आधी बघायचो. फ्यूज काढून खिशात घालायचो आन् मंगच उतरायचो. आता तुझं ॲप आल्यापासनं कशाला? तू केलंयस ना.”

ते सहज म्हणाले. रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं.

लीडला मी त्याच दिवशी सगळं सांगितलं, आणि असं सांगितलं की सासूबाई जिन्यातच थांबल्या. माझा वर्ग ॲपमध्ये परत आला. आता तिथं शेतकऱ्याला दिसतं: ‘पेटीचं उत्तर आलं नाही. मोटर चालू आहे की बंद, माहीत नाही. विहिरीत उतरू नका.’ शब्द माझे, एकही बदलू दिला नाही.

नोकरी तीच आहे, खोलीही तीच. फक्त आप्पांनी एक नवीन काढलंय. ॲपवर आता त्यांचा भरवसा नाही, माझ्यावर आहे. उतरायचं असलं की बाभळीखालून मला फोन करतात.

“उतरू का गं?”

“फ्यूज काढला का आप्पा?”

“काढला. खिशात हाय.”

खरंच काढलाय, की पोरीच्या जिवाला घोर नको म्हणून म्हणतायत, मला इथून कळत नाही. ‘उतरू नका’ म्हटलं तर थांबणारे ते नाहीत. मी म्हणते, “उतरा, सावकाश.” पिशवी फांदीला अडकवल्याचा आवाज येतो. मग त्यांचा पुन्हा फोन येईपर्यंत मी कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवते आणि बसून राहते.