ओल्ड एअरपोर्टमधली नाशिकची छत्री

"सांगा त्यांना, आपण कतारला राहतो! आत्ताच्या आत्ता सांगा!" बायको स्वयंपाकघरातून ओरडली. दोहातल्या आमच्या ओल्ड एअरपोर्ट भागात आता विमानं उतरत नाहीत. उतरत असती तर त्या आवाजाने हवेतूनच परत फिरली असती.

नशीब, फोनचा माइक मी आधीच बंद केला होता. पडद्यावर नाशिकच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका बाई होत्या. आमचं तिथलं घर त्या घेणार होत्या.

ते घर मी दीड वर्षापूर्वी पडत्या भावात घेतलं. मेहुण्याला उभं करून फरशी, ओटा, नळ असं काही पालटलं की घराने आरशात स्वतःला ओळखलं नसतं. आता विकून नफा खिशात घालायचा होता. पण सीएने पाचर मारली: "मालक परदेशात राहणारा असेल तर घेणाऱ्याने मोठा कर कापूनच पैसे द्यायचे. नुसत्या नफ्यावर नाही, अख्ख्या किमतीवर. नाही कापला तर आयकर खातं घेणाऱ्याला धरतं." जास्तीचा परत मिळतो म्हणे, पण कधी? आणि खर्च दाखवायला लागणारी बिलं मेहुण्याने सिगारेटच्या पाकिटांवर लिहून ठेवली होती!

बारा वर्षं बिनकराचा पगार खाऊन मी सोकावलो होतो. बाईंना ठोकून दिलं, नाशिकलाच असतो. नाशिकच्या पावसाचा पुरावा म्हणून, बाहेर जुलैच्या उन्हात उंट वितळत असताना, मागच्या खुर्चीवर ओली छत्री वाळत घातली.

मी माइक सुरू केला.

"तुमच्या घड्याळात साडेआठ कसे हो?" बाईंनी विचारलं. "इथे अकरा वाजलेत."

"सेल संपलाय, बाई." मागे सेकंदकाटा घोड्यासारखा दौडत होता.

"बरं. मग इथल्या मालकाला लागतो तो एक टक्का कर कापून बाकीचे आजच पाठवते. फंडातले सगळे काढलेत. पुढे काही निघालं तर माझ्याकडे द्यायला नाही, म्हणून विचारते. सगळं नीट आहे ना?"

बायको दारात येऊन उभी राहिली. आता ती ओरडत नव्हती. ओरडत होती तेच बरं होतं.

मी मागची छत्री मिटली. "बाई, मी दोहात राहतो. एक टक्का चालणार नाही, खूप जास्त कापावा लागेल. नाहीतर नोटीस तुम्हाला येईल."

बाई खाली मान घालून वहीत काहीतरी लिहीत राहिल्या. मग चष्मा वर सरकवून म्हणाल्या, "मग तेवढा कापूनच पाठवते. पुढचं तुम्ही खात्याशी बघा."