वीस पावलं डावीकडे

१९४४ च्या मार्चमध्ये आमची कंपनी नगरच्या छावणीतून निघाली आणि अकोले तालुक्याच्या डोंगरात, धरणाच्या तलावाकाठी येऊन उतरली. काम एकच होतं. तराफ्यावरून गाड्या काठावर उतरवायच्या आणि उतरल्याबरोबर पुढे न्यायच्या. हेच पुढे ब्रह्मदेशच्या समुद्रकिनाऱ्यावर करायचं आहे, हे कोणी सांगितलं नव्हतं. पण लंगरात भांडी घासणाऱ्यालासुद्धा ते ठाऊक होतं.

मी लान्स नाईक शेख इस्माईल, गाव राहाता. स्टोअरवाला. दोर, फळ्या, चुना, ऑईल, सगळं माझ्या ताब्यात. लोक मला विचारतात, चाचा, लढाईचं सांगा. मी गोल्फचं सांगायला लागतो. म्हातारा चळला असं त्यांना वाटतं, आणि ते उठून जातात. जे बसतील त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आमचे कंपनी कमांडर कॅप्टन हॅरिस. वय तिशीचं, बोलणं कमी. एप्रिलमध्ये तलावाचं पाणी मागे हटलं आणि डोंगराच्या एका सोंडेपलीकडे अर्ध्या मैलाची पट्टी उघडी पडली. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला पाणी. छावणीतून ती दिसत नसे. साहेब मला घेऊन तिथे गेले. मग म्हणाले, "इस्माईल, मेरा घर ऐसा है."

विलायतेत त्यांचं गाव समुद्राकाठी होतं. गावामागे किनाऱ्यावर कोणीतरी कधीकाळी गोल्फचे सात खड्डे करून ठेवले होते. तिथे ना क्लब, ना पावती, ना माणूस. मेंढ्या चरायच्या आणि साहेब लहानपणापासून एकटे खेळायचे. तसंच त्यांना इथे हवं होतं. लढाई तोंडावर आलेली आणि साहेबाला खेळ सुचतोय, असं मी मनात म्हटलं. तोंडाने "जी साहब" म्हटलं.

साहेबांनी स्वतः लोखंडी पहार घेऊन अख्खी पट्टी ठोकून पाहिली. जिथे पहार खणकन वाजली तिथवर जमीन पक्की. पाण्याच्या बाजूला गाळ. त्या हद्दीवर त्यांनी दगड मांडले, मी त्यांना चुना लावला. खड्ड्यांत जॅमचे रिकामे डबे बसवले. आमची मुलं त्याला गल म्हणत, गोट्या खेळताना म्हणतात तसं. गलीभोवती गवत कुठून आणणार? रेती पसरून तीवर गाड्यांचं काळं ऑईल ओतलं आणि रोलर फिरवला. खऱ्या काठ्या चार, त्या साहेबांच्या. बाकीच्या आमच्या लोहाराने मोडक्या स्प्रिंगांच्या पट्ट्या ठोकून बाभळीच्या दांड्यांना बसवल्या. चेंडू अकरा.

रोज १६३० ते १८३० खेळ. साहेबांचा हुकूम होता की दगडांच्या आत सॅल्यूट नाही. पहिल्या दिवशी आम्ही सगळे बुजल्यासारखे उभे होतो. चौथ्या दिवशी सुभेदारसाहेबांचा चेंडू पाण्यात गेला आणि अख्खी पलटण खो खो हसली, सुभेदारसाहेबही. संध्याकाळी तलावावरून गार वारा यायचा. चेंडू नीट बसला की हातात काहीच जाणवायचं नाही, नुसता टक्क आवाज, आणि तो पांढरा ठिपका कड्याच्या सावलीतून उन्हात जायचा. मी आयुष्यात तेवढा सुखी फार वेळा झालो नाही. लढाईत होतो आणि सुखी होतो, हे सांगायची लाज वाटते, पण होतो.

मे महिन्यात वातावरण बदललं. जादा तंबू परत गेले. घरच्या पत्रांवर सेन्सॉरची काळी शाई जास्त फिरू लागली. डॉक्टर येऊन सगळ्यांना सुया टोचून गेला. रजा बंद झाल्या.

त्याचा सर्वात जास्त धक्का बसला गेनूला. सिपाही गेनू येळवंडे, ब्रेन कॅरियरचा ड्रायव्हर. ब्रेन कॅरियर म्हणजे पट्ट्यांवर चालणारी, वरून उघडी, लोखंडी गाडी. वजन चार टन. गेनू घोडेगावचा, बाप जनावरांच्या बाजारात दलाली करणारा. माझा जिगरी दोस्त. फाल्गुनात त्याला पहिली मुलगी झाली होती आणि त्याने तिला पाहिलं नव्हतं. घरून आलेलं पत्र तो मला इतक्यांदा वाचायला लावायचा की मला ते पाठ झालं होतं.

एका शुक्रवारी साहेबांनी फॉलइन घेतली. वरून एकच रजा मिळाली होती, दहा दिवसांची. मागणारे एकशे चाळीस. साहेब म्हणाले, रविवारी मॅच होईल, जिंकेल तो बुधवारी रजेवर जाईल.

गेनू चेंडू मारायचा तो विटीदांडूसारखा, अंगातलं सगळं बळ लावून. लांब जायचा, पण हटकून डावीकडे. पाचव्या गलीपाशी पट्टी अरुंद होती आणि डावीकडे दगडांपलीकडे गाळ. दगडाबाहेर चेंडू गेला की दोन फटक्यांचा दंड. गेनूचा तिथे रोज दंड व्हायचा.

शनिवारी दुपारी मी चुना लावायला एकटाच गेलो. पाचव्या गलीचे नऊ दगड उचलले आणि डावीकडे, पाण्याच्या अंगाला नेऊन मांडले. मोजून वीस पावलं. गाळ वरून वाळून कडक झाला होता. पायाखाली पोकळ आवाज यायचा, एवढंच. साऱ्या पट्टीवर टिटव्या असायच्या, पण त्या तुकड्यावर मी एकही पाखरू बसलेलं पाहिलं नव्हतं. हे तेव्हा ध्यानात आलं आणि मी ते झटकून टाकलं.

एक ठाकर म्हातारा कड्याखाली म्हशी चारत बसला होता. तो उठून जवळ आला. "हितं नका मांडू, दादा," म्हणाला. "मानूस चालंल. म्हैस न्हाई चालायची. माजी एक गेली गेल्या साली, शिंग सुदीक दिसलं न्हाई."

"आम्ही म्हशी नाही खेळवत, बाबा," मी म्हणालो आणि हसलो. तोही हसला आणि गेला.

रविवारी पाचव्या गलीला गेनूचा चेंडू नेहमीसारखा डावीकडे गेला आणि दगडांच्या आत, कडक गाळावर थांबला. दगड हलल्याचं कोणाच्या लक्षात आलं नाही. तो एका फटक्याने जिंकला. साहेबांनी त्याचा हात हातात घेतला. संध्याकाळी स्टोअरच्या तंबूमागे गेनू माझ्याकडे बघत उभा राहिला.

"दगडं चालाया लागली व्हय रं, इस्माईल?"

"चुन्याने पाय फुटले त्यांना," मी म्हणालो.

त्याने मला मिठी मारली. चेष्टा करणारा माणूस, पण रडत होता.

सोमवारी १९०० ला ब्रीफिंग झालं. दुसऱ्या दिवशी सकाळचा सराव होता आणि या वेळी जागा नवी होती: सोंडेपलीकडची पट्टी, आमचा गोल्फ कोर्स. तीन कॅरियर शेजारी शेजारी, धुरातून, पट्टीच्या टोकापर्यंत. डावी गाडी गेनूची. साहेबांनी नकाशावर छडी ठेवली. "डावी हद्द सफेद पत्थर. पत्थर के अंदर जमीन पक्की है. मैंने खुद देखा है."

गेनूने मान वळवून मला शोधलं.

बाहेर पडल्यावर मी म्हणालो, "साहेबांना सांगतो."

"सांगशील तर रजा गेली. आन तुझी फीत बी."

"गेनू, तिथे म्हैस बुडालीय."

"मग म्या कशाला तितनं जातोय? पाचव्या गलीपाशी उजवीकडं दाबतो, तीस पावलं. धुरात कोन बघतंय? परवा मी घरी असंल, इस्माईल. तोंड बंद ठेव."

मी तोंड बंद ठेवलं. रात्र कशी गेली ते लिहीत नाही.

मंगळवार. ०५५० ला मी दोर आणि फळ्या घेऊन कंट्रोल पोस्टवर हजर झालो. पोस्ट एका उंचवट्यावर होती. साहेब, सिग्नलर, वायरलेस सेट आणि मी. ०६०५ ला तिन्ही कॅरियर तराफ्यावरून उतरले. ०६१० ला धूर सोडला. वारा नव्हता, त्यामुळे धूर एका जागीच वर चढला आणि वरून आम्हाला तिन्ही गाड्या स्पष्ट दिसत राहिल्या.

चौथ्या गलीनंतर गेनू उजवीकडे दाबू लागला, ठरल्याप्रमाणे. मधल्या गाडीत आणि त्याच्यात अंतर कमी झालं. दोन्ही गाड्या एकमेकींवर आदळतील असं वाटलं. साहेबांनी माईक उचलला.

"थ्री, धिस इज वन. कीप लेफ्ट. ओव्हर."

गेनूच्या गाडीतले हवालदार बोलले, "थ्री. ड्रायव्हर कहता है जमीन नरम है. ओव्हर."

"जमीन पक्की है. पत्थर के साथ चलो. कीप लेफ्ट. ओव्हर."

मी म्हणालो, "साहेब—"

साहेबांनी न बघता हात वर केला. "वेट."

मी थांबलो. एवढंच झालं. बिडी पेटवायला लागेल तेवढा वेळ मी थांबलो, कारण हुकूम होता, आणि कारण मला बोलायचं नव्हतं. त्यातलं कोणतं कारण किती मोठं, ते मी चाळीस वर्षं तोलतो आहे.

"थ्री. विल्को." म्हणजे हुकूम मान्य.

गाडी डावीकडे वळली. दगडांच्या आतून सरळ रेषेत गेली, चौथा दगड, पाचवा दगड. मग नाक खाली गेलं. आवाज मोठा नव्हता, वाळलेला पापड मोडावा तसा. पट्ट्या गरगर फिरल्या आणि काळा चिखल उडाला. मागचे तिघे उड्या मारून बाहेर पडले. ड्रायव्हरची जागा पुढे, खाली.

मी फळी घेऊन धावलो. ती गाळावर टाकून पोटावर सरपटत गेलो. गेनू छातीपर्यंत गाळात होता आणि खालून पाणी वर येत होतं. मी त्याच्या काखेतून दोर घातला. मागे दहा जण ओढत होते.

"पाय निघंना, इस्माईल. पॅडलात अडाकलाय."

"निघेल. जोर लाव."

गाडी अजून खाली बसली. गळ्यापर्यंत. त्याने मान मागे टाकली.

"साहेबाला सांगू नगंस," म्हणाला. "तुला कोर्टमार्शल करतील."

तो शेवटपर्यंत माझा विचार करत होता. ०६२६ ला मला त्याचा चेहरा दिसेनासा झाला. फळ्या टाकून, दोर लावून त्याला बाहेर काढलं तेव्हा ०७१५ झाले होते. दोर माझ्या हातात होता आणि त्याच्या शर्टाची कॉलर. डॉक्टरने बोटं एकेक करून सोडवली, माझी.

गुरुवारी चौकशी झाली. मला तीन प्रश्न विचारले: दोर वेळेवर दिला का, फळ्या पुरेशा होत्या का, मयताला शेवटचं बोलताना ऐकलं का. मी दोनांना हो म्हणालो आणि तिसऱ्याला नाही. दगडांबद्दल मला कोणी विचारलं नाही, कारण साहेबांनी आधीच लिहून दिलं होतं की "हद्द मी आखली, चूक माझी." त्यांनी त्यानंतर काठी हातात धरली नाही. पुढच्या थंडीत ब्रह्मदेशच्या किनाऱ्यावर उतरताना ते पडले. गेनूला आपणच मारलं असं समजून तो माणूस गेला. मी त्यांच्या कंपनीत आठ महिने होतो, रोज समोर येत होतो, आणि बोललो नाही.

गेनूची रजा शिल्लक होती. साहेबांनी त्याचं सामान घरी पोचवायला मला पाठवलं, त्याच पासावर. घोडेगावात पोचलो तो शुक्रवार, बाजाराचा दिवस होता. तार आधीच आली होती. गेनूच्या घरात बायामाणसं बसली होती; मी आलो तशी ती उठून बाहेर गेली. गेनूची बायको यमुना समोर बसली. विशीतली असेल. सामानाला तिने हात लावला नाही. आत गेली, पाळण्यातून मुलगी उचलून आणली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"त्यांनी न्हाई बगितली," म्हणाली. "तुमी तरी बगा, भाऊजी."

मुलीचं कपाळ थेट गेनूचं होतं. माझा बांध फुटला. मी यमुनेला सगळं सांगितलं. रजा, मॅच, दगड, म्हातारा, साहेबांचा वर झालेला हात. आयुष्यात हे मी पहिल्यांदा बोललो, आणि लिहितो आहे ते दुसऱ्यांदा.

ती ऐकत राहिली. मग तिने विचारलं, "दगुड हलवलं नसतं तर रजा मिळाली असती का?"

"नाही."

"आन ते जित्तं ऱ्हायलं असतं?"

"हो."

ती उठली. वाकून तिने मुलगी माझ्या मांडीवरून उचलली, पदराखाली घेतली आणि आत निघून गेली. थोड्या वेळाने मी उठलो आणि चपला घातल्या.

सिपाही गेनू येळवंडे, ड्रायव्हर, वय चोवीस. त्याची मुलगी आता चाळिशीची झाली असेल. मी तिला पाहिलं ते तेवढंच, अडीच महिन्यांची असताना, त्याच्या रजेच्या तिसऱ्या दिवशी.