शेळीनं खाल्लेले शेंडे

फोन आला तेव्हा मी आक्काच्या झाडालाच पाणी घालत होते. सांगलीच्या दवाखान्यातून माझे मालक बोलत होते. "आक्का गेली गं," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. बादलीत अर्धं पाणी राहिलं होतं. ते मी आधी झाडाच्या बुडात ओतलं, बादली पालथी घातली, आणि मग ओट्यावर येऊन बसले. माणूस गेलं आणि ही पाणी घालत बसली, असं कुणी बघणारं असतं तर म्हणालं असतं. पण पाणी अर्धं ठेवलेलं आक्काला चालायचं नाही. "घालायचं तर पोटभर घाल, न्हाईतर जाऊ नको त्येच्याजवळ," असं ती म्हणायची.

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. थोरले दीर, त्यांना मी दादा म्हणते, पलटणीतून सुटून आल्यावर पाचगणीच्या एका शाळेत रखवालदार म्हणून लागले, आणि आक्का तिथंच मुलांच्या कपड्यांच्या खोलीत कामाला लागली. वीस-बावीस वर्षं दोघं तिकडं राहिली. चार वर्षांमागं पलूसला घरी परत आली तेव्हा सामानाच्या टेम्पोत भांडी, कपाट, दोन खाटा आणि सगळ्यांत मागं, गोधडीत गुंडाळलेलं ते झाड. सोबत तांबड्या मातीची चार पोती. मालक हसले. "आक्का, माती बी तिकडनं आणलीस व्हय? आमच्या रानात काय दगडं हायती का?" आक्का म्हणाली, "तुमच्या काळ्या मातीत ऊस लावा. ह्येला ही चालायची न्हाई."

झाडाचं नाव हायड्रेंजिया. आक्का सातवी शिकलेली, ती ते नाव सरळ म्हणायची. मी चौथीवाली, माझ्या जिभेवर ते कधी बसलंच नाही, मी आपलं आक्काचं झाड म्हणायचे. पानं रुंद, कडेला करवतीसारखे दाते. तिकडं त्यांच्या खोलीपुढं त्याला निळे गेंद यायचे, एकेक गेंद लहान टोपलीएवढा. हे तिनं इथं गल्लीतल्या सगळ्या बायांना सांगितलं आणि तिथंच चुकलं. बावीस वर्षं बाहेर राहून आलेल्या बाईचं कौतुक गावाला किती दिवस असतं? शेजारच्या सुंदराबाईनं तर पिच्छाच पुरवला. दारातनं जाता-येता, "आवं आक्का, कवा यायचं तुमचं टोपलीएवढं फूल? आमी मेल्यावर?" आक्का वरवर हसायची. घरात आली की मला म्हणायची, "शालन, एकदाच फुलू दे गं. एकच गेंद. मी त्यो सुंदराबाईच्या दारात नेऊन ठिवते." फूल आलं नाही तर आपलं तिकडचं सगळं आयुष्यच खोटं ठरतंय, असं तिला वाटत असावं. तसं ती बोलली नाही कधी, पण मला दिसत होतं.

त्या झाडामागं ती जेवढी राबली तेवढी मी माझ्या लेकरांमागंही राबले नसेन. निळा प्लास्टिकचा ड्रम मधून कापून त्यात तांबडी माती भरली, बुडाला भोकं पाडली. आमच्या बोअरचं पाणी खारट, चार दिवस घातलं की मातीवर पांढरं येतं आणि पानं पिवळी पडतात. म्हणून तिनं पत्र्याच्या पन्हाळीखाली टाकी लावली आणि पावसाचं पाणी साठवून तेच वर्षभर पुरवून पुरवून घातलं. आम्हाला त्या टाकीला हात लावायची बंदी. शिमगा झाला की ऊन चढायचं आणि दुपारी अकराच्या सुमाराला सगळं झाड ओल्या फडक्यासारखं गळून पडायचं. मग आक्का जुनं हिरवं लुगडं चार काठ्यांना बांधून त्याच्यावर सावली करायची, भोवतीनं भिजवलेलं गोणपाट टाकायची, संध्याकाळी लुगडं सोडायची, सकाळी परत बांधायची. पाऊस लागला की उलटं... ड्रमात पाणी साचून मुळं कुजतील म्हणून ड्रमाखाली विटा सारायची. थंडीत पानं गळायची, नुसत्या काड्या उभ्या राहायच्या, तर ती काड्यांकडंच बघत बसायची. दादा म्हणायचे, "अगं, वाळलं ते." ती नखानं काडी खरवडून हिरवं दाखवायची. "वाळलं न्हाई, झोपलंय." इथल्या मातीपाण्यानं फूल निळं येईल की गुलाबी, यावरही दोघांचं चालायचं. फुलाचा पत्ता नाही आणि रंगावरून भांडण.

आता माझं सांगते. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

आमची द्राक्षाची बाग आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून मी बागेत आहे आणि छाटणी मला मालकांनी शिकवली. चार माणसांत मला बोलता येत नाही, कुणी मोठ्यानं काही विचारलं की मी पदर ओढून आत जाते, पण कात्री हातात असली की मला कुणाला विचारावं लागत नाही. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळाची छाटणी. काडीवरचे डोळे, म्हणजे फुटव्याचे कोंब, मोजायचे आणि वरचा शेंडा उडवायचा. न छाटलेल्या वेलीला फळ नाही, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं. आणि आक्का तर त्या झाडाला कधी कात्रीच लावायची नाही. तिकडं वाळलेली फुलं तेवढी हातानं मोडायचो, म्हणायची. मला वाटायचं, म्हणूनच बसलंय हे झाड. हिला कळत नाही. पण थोरल्या जावेला मी काय शिकवणार?

दसरा झाला की आक्का पंधरा दिवस फलटणला लेकीकडं जायची. पहिल्याच वर्षी ती गेली आणि मी बागेतून येताना कात्री तशीच हातात घेऊन झाडापाशी गेले. प्रत्येक काडीचा शेंडा बेतानं उडवला. दोन डोळे खाली, तिरका काप, पाणी साचू नये असा. मन लावून केलं. फूल आलं की सांगायचं ठरवलं होतं... आक्का, हे असं असं केलं मी, म्हणून आलं. तिच्या तोंडाकडं बघत सांगायचं. तेवढ्यासाठी केलं.

आक्का परत आली. डोळ्यांत मोतीबिंदू, तिला तिरका काप दिसला नाही, पण शेंडे गेलेले हाताला कळले. अंगणातनं ओरडलीच, "शेंडं खाल्लं की गं मेलीनं! सुंदराबाईची शेळी सोडली हुती का कुणी?" गल्ली गोळा झाली. सुंदराबाई बाहेर आली, "माझी शेळी बांधलेली असती, उगं आळ घेऊ नका," म्हणाली. मी दारात उभी होते. तोंड उघडलं होतं मी, खरंच उघडलं होतं. पण एवढ्या माणसांत... आणि मग तो क्षण गेला. संध्याकाळी एकटी असताना सांगू म्हटलं, तर तोवर दादा तारेची जाळी घेऊन आले होते आणि आक्का आपल्या हिरव्या लुगड्याच्या काठाच्या चिंध्या फाडून ती जाळी काठ्यांना बांधत होती. प्रत्येक चिंधीला दोन दोन गाठी. मला म्हणाली, "धर की गं इकडनं." मी धरली.

त्या उन्हाळ्यात फूल आलं नाही. मला वाटलं, मी छाटलं कमी. पुढच्या वर्षी आणखी एक डोळा खाली घेतला. परत शेळीचं नाव. जाळी वरच्या अंगानं उघडी होती, तर शेळीनं मान आत घातली असेल असं दादांनी ठरवलं आणि तारेनं आवळून जाळी हातभर उंच केली. दादांनी सुंदराबाईच्या घराशी बोलणं टाकलं. हळदीकुंकवाला आक्का तिच्याकडं जाईना. आणि मी वाट बघत होते, फुललं की सगळं सांगू, मग शेळीचंही सांगू, सगळी हसतील आणि मिटेल. चार ऑक्टोबर असेच गेले.

या पावसाळ्यात आक्काचा ताप छातीत उतरला. सांगलीला नेलं. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेले, शेजारी बसले. नाकात नळी होती. मला म्हणाली, "पाणी घालतीस न्हवं?" मी म्हटलं, घालते. मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे आता त्येचं. माझ्या हाताचा गुण डोंगरावरच ऱ्हायला गं, शालन. इथं माझ्या हातानं काय बी फुललं न्हाई." तेव्हा तरी मी म्हणायला हवं होतं की आक्का, तुझ्या हाताचा काही दोष नाही, मी छाटते आहे, अजून नीट छाटता आलं नाही एवढंच. खोलीत आम्ही दोघीच होतो, कुणी ऐकणारं नव्हतं. मी म्हटलं, "पाणी प्या जरा." दुसऱ्या दिवशी फोन आला.

तेराव्याला पाचगणीहून मालनबाई आली. ती आणि आक्का कपड्यांच्या खोलीत बरोबर होत्या. जेवणं झाल्यावर अंगणात आली, झाड बघितलं, जाळीतनं हात घालून काड्या चाचपल्या आणि एकदम म्हणाली, "आगं, ह्येचं शेंडं कुणी छाटलं?" दादा म्हणाले, "छाटलं न्हाई, शेळी खाती दर साली." मालनबाई म्हणाली, "शेळीचं खाल्लेलं आसं आसतं व्हय? ही जुनी जागा बघा, कात्रीचा काप हाय. पाऊस सरता सरता शेंड्याच्या डोळ्यातच पुढल्या सालचं फूल बसतं. त्यो उडवला की झालं. आमचा माळी कात्री घिऊन ह्येच्याजवळ कुणाला येऊ द्यायचा न्हाई." दादांना ऐकायला जरा कमी येतं, शिवाय माणसं निघाली होती, ते निरोप द्यायला वळले. मी मात्र सगळं ऐकलं.

चार वर्षं मी तिचं फूल छाटून उकिरड्यावर टाकत होते. मन लावून, तिरका काप घेऊन. आणि पुढच्या वर्षी आणखी खाली. मला माझाच एवढा राग आला की भांडी घासताना पितळेच्या तांब्याचा काठ दाबून वाकवला. पण खरं सांगायचं तर आक्काचाही राग आला. विचारायचं होतंस एकदा. शेळी, शेळी काय... घरात दिवसभर कात्री घेऊन फिरणारी बाई होती की तुझ्या पुढ्यात!

दादांनी झाड मालनबाईला द्यायचं ठरवलं. "हितं ते कुणासाठी ठिवायचं? तिकडं तरी फुलंल," म्हणाले. गावातला एक टेम्पो आठ दिवसांनी वाईच्या बाजूला जाणार होता, त्यात घालायचं. ते आठ दिवस बागेत छाटणी चालू होती, मी कात्री चालवायचे आणि मनात वाक्य जुळवायचे. दादांपुढं मी डोक्यावरचा पदर खाली येऊ दिलेला नाही कधी, बोलायचं तर लांबच. आणि रोज संध्याकाळी झाड बघायचे. या वर्षी कात्री लागली नव्हती. सात काड्या होत्या आणि सातही शेंड्यांवर जाड, टपोरा डोळा आला होता. द्राक्षाच्या डोळ्यात घड असतो तो मला बाहेरनं कळतो. हाही कळत होता. चार वर्षं का कळला नाही, देव जाणे.

टेम्पो दारात येऊन उभा राहिला. दादा पक्कड घेऊन जाळी सोडायला बसले. दोन बाजू सुटल्या तेव्हा मी जवळ गेले.

"दादा, झाड देऊ नका."

त्यांनी वर बघितलं. मी बोलले याचंच त्यांना नवल वाटलं असेल.

"शेळीनं न्हाई खाल्लं. म्या छाटलं. दर साली. आक्का फलटणला गेल्यावर."

त्यांना कमी ऐकू आलं असेल म्हणून मी परत एकदा मोठ्यानं सांगितलं. टेम्पोवाला इंजिन बंद करून बघायला लागला. दादांनी पक्कड तारेतनं काढली. मग म्हणाले, "तिला म्हाईत हुतं?"

"न्हाई."

"तीन वर्षं आमी त्या सुंदराबाईच्या घरात पाऊल टाकलं न्हाई." आणि वर, "तुला बी तोंड दिलंय न्हवं गं देवानं, शालन?"

त्यांनी पक्कड मातीत टाकली, टेम्पोवाल्याला "जा बाबा तू" म्हटलं आणि आत गेले. दोन दिवस माझ्या हातचा चहा त्यांनी घेतला नाही. तिसऱ्या दिवशी घेतला, पण बोलले नाहीत.

सुंदराबाईकडं जायचं मी ठरवलं होतं. जाऊन सांगायचं, तुमच्या शेळीचा दोष नव्हता, माझा होता. काल सकाळी लुगडं बदललं, पदर घेतला आणि अंगणात आले. जाळी त्या दिवशी अर्धी सुटली ती तशीच लोळत पडली होती, ती परत बांधायचं ना दादांना सुचलं ना मला. आणि ड्रमाला पुढचे पाय लावून सुंदराबाईची शेळी उभी होती. मी ओरडले तेव्हा ती निवांत वळली. तोंडात पान होतं. सातातले तीन शेंडे गेले होते, काप नाही, नुसता चोथा.

मी तिथंच खाली बसले. हसू यावं असंच होतं ते, पण आलं नाही. मग जाळी उचलली. आक्काच्या हिरव्या लुगड्याच्या चिंध्या तिला तशाच होत्या, दादांनी पकडीनं तार सोडली होती, गाठी सुटल्या नव्हत्या. उन्हापावसानं चिंध्यांचा रंग गेला आहे, पण गाठ हलत नाही, दोन दोन मारलेली. त्याच चिंध्या काठीवरनं ओढून घेतल्या, राहिलेल्या चार शेंड्यांभोवती जाळी उभी केली आणि टाकीतलं पाणी आणून घातलं, पोटभर. अंगणात कुणी नव्हतं. तरीही मी मोठ्यानं बोलले.

"आक्का, ह्या खेपेला खरंच शेळीनं खाल्लं."