घाबरट सिस्टरची तपासणी

आमच्या इन्चार्ज सिस्टरइतकी घाबरट बाई अख्ख्या दुर्ग जिल्ह्यात दुसरी नसेल. भिलाईपासून अर्ध्या तासावरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मी औषधं देणारा, त्या नर्स. मराठी आम्ही दोघेच, त्यामुळे भीती वाटली की त्या हिंदी सोडून थेट घरच्या बोलीवर येत, आणि भीती त्यांना सकाळी कुलूप उघडल्यापासून वाटे. ऑक्सिजनचा काटा भरलेला सिलिंडर दाखवत असला तरी तो अडकला असेल म्हणून त्यावर टिचकी मारत. औषधांच्या फ्रिजला तर तासातासाला येऊन कान लावत. एकदा मी वैतागलो, "सिस्टर, आत्ताच पाहिला ना!"

"तवा चालू होता भाऊ. आता काय करून राहिला, कोणाले माहीत?"

अशा बाईच्या नशिबी गुणवत्तेची तपासणी आली. रायपूरचे दोन साहेब जाडजूड याद्या घेऊन येणार आणि कोपऱ्याकोपऱ्याला गुण देणार. सिस्टरांचं जेवण सुटलं. त्या झोपेत कचऱ्याच्या डब्यांचे रंग पाठ म्हणतात, असं भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये नोकरीला असलेले त्यांचे मिस्टर सांगत.

साहेब आले त्या दुपारी आमचे डॉक्टर नेमके साक्षीसाठी दुर्गच्या कोर्टात. साहेबांनी आग विझवण्याच्या सरावाचं रजिस्टर मागितलं. सिस्टर घामाघूम होऊन ते शोधत होत्या, इतक्यात सकाळीच बाळंत झालेल्या एका मुलीची सासू धावत आली, "सिस्टर, बहू के लहू नइ रुकत हे!"

मी वॉर्डच्या दारातच थिजलो. चादर भिजून रक्त फरशीवर टपकत होतं आणि मुलीचे ओठ पांढरे पडत चालले होते. सिस्टरांचे हात थरथरत होते, नेहमीसारखेच. पण थांबले नाहीत. एका हातानं त्यांनी तिचं ओटीपोट चोळायला घेतलं. "भाऊ, फ्रिजातलं इंजेक्शन! पळा!" इंजेक्शन जागेवर होतं, थंडगार होतं. सिस्टरांनी दुसऱ्या हातानं ते टोचलं, मुलीच्या हाताला सकाळपासून असलेल्या सुईला सलाईन जोडलं आणि स्टँड आणायलाही वेळ नाही म्हणून बाटली एका यादीवाल्या साहेबांच्या हातात दिली. "साहब, ऊपर पकड़ो. नीचे मत लाना।" साहेब हात उंच करून उभे राहिले, यादी पायाशी पडलेली. अँब्युलन्स आली तेव्हा मुलीच्या पोटावरचा हात न काढता सिस्टर तिच्यासोबत चढल्या. मागून बाळाला घेऊन सासू.

मी फोनकडे पाहत बसलो. तो वाजावा असं वाटे, आणि वाजू नये असंही.

संध्याकाळी सिस्टर ऑटोनं परतल्या. "जगली," म्हणाल्या, आणि पायरीवर बसून लहान मुलासारख्या रडल्या. "मले लय भेव वाटला भाऊ. हात काढला असता तर गेली असती पोरगी."

केंद्र पास झालं. आगीच्या रजिस्टरचे गुण मात्र कापले गेले, आणि त्याचं सिस्टरांना कितीतरी दिवस वाईट वाटत होतं.

आता त्या निवृत्त होऊन भिलाईजवळच्या रिसालीत राहतात. मी गेलो की चहा ठेवता ठेवता विचारतात, "भाऊ, त्या पोरीची लेक शाळेत जाऊन राहिली ना?" ते कुटुंब केव्हाच मजुरीसाठी कुठेतरी निघून गेलं, मला काहीच ठाऊक नाही.

"हो सिस्टर," मी म्हणतो, "जाते ना."