टिकल्यांची जागा

आमच्या वहिनींच्या मोबाईलच्या काचेवर तीन टिकल्या चिकटवलेल्या होत्या. एक लाल, एक हिरवी आणि एक मोठी काळी, तिन्ही मखमली. लाल माझ्या फोटोवर, हिरवी त्यांच्या लेकीच्या फोटोवर आणि काळी शेजारी राहणाऱ्या पुतण्याच्या फोटोवर. फोटोवर बोट ठेवलं की त्या माणसाला फोन लागतो, ही सोय मी करून दिली होती. टिकल्यांची युक्ती मात्र त्यांची स्वतःची. शेतात उन्हाला काच नुसती चकाकते, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्यात मोतीबिंदू. म्हणून त्यांनी बोटाला कळेल अशी खूण केली. दादा गेल्यापासून टिकल्यांची पाकिटं फडताळात तशीच पडून होती. "वाया कशापायी घालवायच्या?" एवढंच त्या म्हणाल्या. माझ्या चेहऱ्यावर बरोबर मधोमध लाल टिकली बसली होती, त्यावरून मात्र पुष्कळ दिवस हसत होत्या.

वहिनी गुंजवण्याजवळच्या वाडीत एकट्या राहतात. लेक लांब नाशिकला. मी भोरला एका शाळेत कारकून आहे. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा मी सातवीत होतो आणि आई नुकतीच गेली होती. पुढचं माझं सगळं त्यांच्या हातचं. आता महिन्यातून एकदोनदा कापूरहोळवरून गाडी वळवून त्यांच्याकडे जातो, दोन तास बसतो आणि परत येतो. त्यांच्यासाठी आपण काय करतो असं कुणी विचारलं, तर मला पटकन आठवतं ते एवढंच, की मी त्यांचा मोबाईल नीट ठेवतो.

मागच्या भाद्रपदात त्या भाताच्या बांधावरून घसरल्या. पाय मुरगळला, उठता येईना. पाऊस असा, की पलीकडच्या खाचरातल्या माणसालाही हाक ऐकू जाऊ नये. मोबाईल कमरेला, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. त्यांनी पिशवी सोडली नाही. वरूनच चाचपून लाल टिकली दाबली. मी शाळेत दाखल्यांवर शिक्के मारत होतो. "भावजी, म्या पडले. वरच्या खाचरात हाय," एवढं ऐकू आलं. मी लगेच पुतण्याला फोन केला आणि त्यानं त्यांना पाठीवर घालून घरी आणलं. नंतर मी विचारलं, "वहिनी, काळी टिकली दाबायची ना, तो तर शेजारीच होता."

"हाताला आदी तुमीच लागला," त्या म्हणाल्या.

ते वाक्य मी अजून जपून ठेवलं आहे. पण त्या दिवसापासून माझ्या मनात भीतीही बसली, की ती टिकली तिथून हलता कामा नये.

आणि नेमकं त्यानंतर मोबाईलवर अपडेट आलं. आमचे दोघांचे फोन एकाच कंपनीचे, एकाच दिवशी भोरच्या दुकानातून घेतलेले. माझ्या फोनवर ते आधी आलं आणि मी फारसा विचार न करता टाकून घेतलं. फोन बंद होऊन चालू झाला तो परक्याचा असल्यासारखा. आधी एका ओळीत चार चित्रं असायची, ती पाच झाली. सगळीच्या सगळी सरकली. फोन आला की पूर्वी बोट वर न्यायचं, आता बाजूला सरकवायचं, आणि चुकीच्या बाजूला गेलं की फोन कटतो. आठवडाभर मी येणारा प्रत्येक फोन कापत होतो. मुख्याध्यापकांचाही कापला. डोळे शाबूत असलेल्या, दिवसभर कम्प्युटरवर बसणाऱ्या माणसाची ही गत. मग बांधावर, पावसात, पिशवीवरून चाचपणाऱ्या वहिनींचं काय होईल?

मी ठरवून टाकलं, वहिनींच्या फोनवर हे येऊ द्यायचं नाही. वाडीवर गेलो की त्यांचा फोन हातात घ्यायचा, 'नवीन आवृत्ती उपलब्ध' अशी पाटी आलेली असली की 'नंतर' दाबायचं आणि फोन परत द्यायचा. "काय आलं तर दाबू नका," असं बजावायचं. त्या "बरं" म्हणायच्या.

दिवाळीनंतर दुसरी पाटी येऊ लागली. ज्याच्यावरून लेक रोज नातीला दाखवते, ते व्हिडिओ कॉलचं ॲप जुन्या फोनवर लवकरच बंद होणार होतं. अपडेट टाकलं नाही तर नातीचा चेहरा जाणार आणि टाकलं तर बांधावरची लाल टिकली. बरेच दिवस मी हे ओझं एकट्यानं वाहिलं. झोपताना, शिक्के मारताना, गाडी चालवताना तेच. शेवटी बायकोला सांगितलं. तिनं भाजी निवडता निवडता विचारलं, "अहो, फोन कुणाचा आहे?"

"वहिनींचा."

"मग त्यांना विचारलंत का?"

मी विचारलं नव्हतं. खरंच सांगतो, विचारावं हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. ज्या बाईनं दादाशी भांडून मला शेतावरून काढून शाळेत पाठवलं, ती चौथीपर्यंत शिकलेली आहे आणि पोथी स्वतः वाचते, हे मी विसरून गेलो होतो. पुढचे दोन दिवस मला स्वतःची फार लाज वाटत राहिली.

त्या रविवारी गेलो तेव्हा वहिनी अंगणात भात वाळत घालत होत्या. मी पायरीवर बसलो आणि खूप मोठी गोष्ट सांगावी तसा सुरुवातीपासून सांगू लागलो. त्यांनी मला अर्ध्यावर थांबवलं.

"ती निळी पाटी व्हय? रोज सकाळी येती. वाचलीया की म्या."

"वाचली? मग बोलला नाहीत ते?"

"तुमी आलं की आदी मोबाईल घ्यायचा, पाठ फिरवून कायतरी दाबायचं. म्या म्हनलं, भावजी कशाला तरी भ्यालेत. भ्यालेल्या मानसाला काय इचारायचं?"

मी हसायचा प्रयत्न केला. मग पडल्याच्या दिवसाचं सांगितलं, टिकली सरकली तर काय होईल ते सांगितलं. त्यांनी पायानं भात पसरत सगळं ऐकलं.

"टिकल्या कुनी लावल्या?"

"तुम्ही."

"मग काढून दुसरीकडं लावता येत न्हाईत व्हय मला?"

इतके दिवस मी चित्रं हलू नयेत म्हणून धडपडत होतो. टिकल्या हलवता येतात, हे त्यांना एका क्षणात दिसलं.

वाडीवर रेंज व्हिडिओ कॉलपुरतीच, तीही अडखळत येते, एवढं मोठं अपडेट तिथं उतरलं नसतं. म्हणून गाय पुतण्यावर सोपवून मी त्यांना गाडीवर बसवून भोरला घेऊन आलो. जेवणं झाल्यावर फोन टेबलावर ठेवला आणि आम्ही तिघं त्याच्याभोवती बसलो. काच काळी झाली, मधे एक रेघ हळूहळू भरू लागली.

"ह्याला भूल दिलीया का?" वहिनींनी विचारलं.

"तसंच समजा."

"मग बोलू नका लई. माझ्या डोळ्याच्या टायमाला बी डाक्टर बोलतच व्हता, मला समदं ऐकू येत व्हतं."

बायको हसून हसून आत गेली. मी मात्र त्या रेघेवरून नजर हलवली नाही.

फोन चालू झाला. मला वाटलं होतं तेच झालं होतं. चित्रं सरकली होती आणि लाल टिकलीखाली माझ्याऐवजी बॅटरीचं चित्र आलं होतं. वहिनींनी सवयीनं बोट ठेवलं, तर फोनच्या पाठीमागून झगझगीत उजेड पडला.

"घ्या. तुमच्या जागी ही आली. हिचा उजेड तरी पडतोय," त्या म्हणाल्या.

टिकल्या त्यांनी नखानं अलगद सोडवल्या, पण डिंक गेलेला होता, परत चिकटेनात. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारपेठेत गेलो. बांगड्यांच्या दुकानात त्या पुढं, मी मागं. दुकानदारानं त्यांच्या मोकळ्या कपाळाकडं पाहिलं आणि पाकीट पुढं करत विचारलं, "मावशी, सुनेला न्यायच्यात का?"

"न्हाई, मोबाईलला," वहिनी म्हणाल्या. "जाड दावा. बोटाला लागल्या पायजेत."

तो गडबडला. त्यांनी दहा पाकिटं उघडायला लावली, प्रत्येक टिकलीवर डोळे मिटून अंगठा फिरवला. दुकानात आलेल्या दोघी बायकाही थांबून बघायला लागल्या. मला का कोण जाणे फार बरं वाटत होतं. त्यांच्यामागं पिशवी धरून उभा राहायला मी याआधी कधी आलो होतो, ते आठवेना.

घरी येऊन त्यांनी टिकल्या लावल्या. फोन पिशवीत घालून अंगणात गेल्या, डोळे मिटले, पिशवीवरून चाचपलं. माझा फोन वाजला. आनंदाच्या भरात मी बोट सरकवलं ते चुकीच्या बाजूला. फोन कटला.

वहिनींनी डोळे उघडले. "मला बी येतंय आन मोबाईलला बी येतंय. आता फकस्त तुमीच शिकायचं ऱ्हायलाय."

दुपारच्या एसटीनं त्या परत गेल्या. मी शाळा सुटल्यावर सोडायला येतो म्हटलं, तर नको म्हणाल्या, जनावराच्या वैरणीची वेळ टळेल. संध्याकाळी शाळेतून येऊन मी फोन समोर ठेवून बसलो. खरं तर लाल टिकली कुठं आहे हे मी स्वतः बघितलं होतं, तरी बसलो. दिवस मावळायच्या आत फोन आला. या वेळी मी नीट उचलला.

"पोचले."

"कुठून बोलताय?"

"बांदावरनं. वरच्या खाचरात. डोळं मिटून लावला."

"डोळे कशाला मिटायचे, उजेड आहे अजून."

"मला न्हाई ओ, तुमाला पायजे व्हतं. आता निवांत झोपा."

"वहिनी, लई बरं केलंत," एवढंच म्हणालो. पलीकडून "ठिवते" असं ऐकू आलं, पण फोन ठेवला गेला नाही. ठेवायचं बटणही कुठंतरी सरकलं होतं, आणि ते दाखवायचं माझ्याकडून राहिलं होतं. पिशवीत टाकल्याचा चरचर आवाज आला, मग चालताना वाळक्या गवताचा. त्या गाईला हाका मारत होत्या. मधेच कुणाला तरी म्हणाल्या, "आलीया की भोरास्नं. लई जीव लावत्यात मला."

मीही फोन ठेवला नाही. त्या गोठ्याशी पोहोचेपर्यंत, गाईनं पाण्यात तोंड घालेपर्यंत, तो कानाला लावून बसून राहिलो.