बंगल्यावरची नावं

मी तेव्हा बुलढाण्याच्या शाळेत मास्तर होतो. महाराष्ट्र नवाच झाला होता आणि गावात ज्याला त्याला राजकारण कळत होतं. कोर्टासमोरच्या हॉटेलात वकील मंडळी नागपूरची राजधानी गेल्याचं दुःख रोज चहाबरोबर नव्यानं काढत. कचेरीतले कारकून सरकार पक्षाचे, पण पगाराचा विषय निघाला की विरोधी. दुकानदार निवडून येईल त्याचे. मी कुणाचाच नव्हतो. समोर जो बसला असेल त्याच्या विरुद्ध बोलायचो. एवढं बोलणारं हे गाव मतदानाच्या दिवशी मात्र जेवून झोपायचं. सुट्टी असायची ना!

आम्हा मास्तरांना ती सुट्टीही नव्हती. मतदारयादी करायची तर मास्तर, केंद्रावर बसायचं तर मास्तर. त्या खेपेला यादीचं काम आलं ते ऐन मे महिन्यात. आमचं गाव डोंगरावरचं, थंड हवेचं. खाली अकोला-खामगाव भाजून निघत असताना तिकडचे शेठ लोक बायकामुलांसह इथल्या आपापल्या बंगल्यांवर येऊन राहत. मी घरोघर वही घेऊन हिंडत होतो. घरात जो दिसेल तो लिहायचा, एवढंच मला कळत होतं. कंटाळलो होतो, पाय दुखत होते, आणि त्या वर्षी कुठे जायला मिळालं नाही याचा रागही होता.

एका कापूसवाल्या शेठच्या बंगल्यावर मला व्हरांड्यात खुर्ची मिळाली. शेठनी स्वतःचं, बायकोचं, दोन भावांचं, वहिनींचं अशी भराभर नावं सांगितली. मी लिहून घेतली. माळ्यानं तांब्याभर गार पाणी आणून दिलं. मी ते घटाघटा प्यालो, तांब्या त्याच्या हातात परत दिला आणि पुढच्या बंगल्याकडे निघालो. शेठच्या बंगल्यात बारा महिने राहणारा तो माळी एकटाच होता, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

पुढे मतदान आलं ते हिवाळा सरता सरता. बंगले बंद, कुलपं लागलेली. मी केंद्रावर यादी पुढ्यात घेऊन बसलो होतो आणि पानामागून पान खुणेविना कोरं जात होतं. पक्षांची माणसं टांगे घेऊन मतदार आणायला जात आणि रिकामे टांगे घेऊन परत येत. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि हा आड खणणारा मीच होतो.

दुपारी तो माळी आला. धुतलेलं धोतर, डोक्यावर पांढरी टोपी, पायावर गुडघ्यापर्यंत धूळ.

"गुरुजी, माहं नाव पाहा बरं."

मी पाहिलं. पुन्हा पाहिलं. शेठचं अख्खं घर होतं, तो नव्हता.

"असं कसं?" तो म्हणाला. "तुमीच तं आलते न लिवाले? म्याच पानी देल्लं तुमाले."

मी मान खाली घालून पुन्हा पानं चाळली. खोटं खोटं चाळली.

"सकाळी माह्या गावाले, देऊळघाटले गेलतो," तो सांगू लागला. "तेथं माहं नाव होतं मांगच्या बारीले. तेथचे गुरुजी म्हने, तू आता बुलढान्याचा, तुहं नाव खोडलं. मंग पायीच आलो इकडं."

एका पक्षाचा पोरगेला एजंट बाकावरून हसत म्हणाला, "शेठच्या नावावर टाक ना बे. ते काही येऊन नाही राह्यले आता."

माळ्यानं त्याच्याकडे पाहिलंही नाही. "शेठचं मत म्या काऊन टाकू?" मग माझ्याकडे वळून त्यानं अगदी शांतपणे विचारलं, "गुरुजी, मंग मी कोठचा?"

मला लाज वाटली. मी म्हणालो, पुढच्या यादीत नक्की घालतो. तो "हाव" म्हणाला आणि गेला. संध्याकाळी कचेरीतल्या साहेबांनी मतदान इतकं कमी का झालं त्याचं कारण लिहून मागितलं. मी लिहिलं, 'मतदार बाहेरगावी.' साहेबांना ते पटलं.

पुढची यादी करायची वेळ आली तेव्हा मी सगळ्यात आधी त्या बंगल्यावर गेलो. शेठ व्हरांड्यातून हाका मारत होते, मी थेट विहिरीकडे गेलो. माळ्याला नाव विचारलं. तोवर मला ते ठाऊकच नव्हतं. तो आधी म्हणाला, "मालकाचं लिवा न पयले." मी हट्टानं त्याचंच आधी लिहिलं. यादी छापून आली तेव्हा त्याचं नाव तपासायला मी मुद्दाम कचेरीत गेलो. होतं.

मतदानाच्या दिवशी मी सकाळपासून दाराकडे पाहत होतो. दुपार झाली, चार वाजले. रांग कधीच नव्हती, ती आताही नव्हती. तो आला नाही. शेवटी मी टांगेवाल्याला विचारलं. तो म्हणाला, शेठच्या घरी अकोल्याला लग्न आहे, पानी भराले नेलं त्याले, आठ दिवस झाले.

त्याच्या नावापुढची जागा कोरीच राहिली. संध्याकाळी कारण लिहायचा कागद पुन्हा माझ्यापुढे आला. मी टाक दौतीत बुडवला आणि तेच लिहिलं, 'मतदार बाहेरगावी.' दुसरं काय लिहिणार होतो? खरंच होतं ते.

महिन्याभरानं मी त्या रस्त्यानं चाललो होतो. बंगल्याला कुलूप होतं आणि तो वाफ्यांना पाणी सोडत होता. मला पाहून फाटकाशी आला. मला वाटलं, आता रागावेल. रागावला असता तर बरं झालं असतं.

"गुरुजी, नाव होतं न?"

"होतं," मी म्हणालो.

"मंग झालं तं," तो म्हणाला, आणि मला प्यायला पाणी आणायला आत गेला.